एसीतला गॅस संपत नाही, गळतो

एसीतला गॅस संपत नाही. गाडी चालली की पेट्रोल जळतं, शेगडी पेटली की सिलिंडर रिकामा होत जातो. एसीतल्या गॅसचं तसं काही होत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमधून तो फक्त फिरत राहतो. खोलीतल्या युनिटमध्ये तो उकळतो आणि उकळताना खोलीतली उष्णता शोषून घेतो. बाहेरच्या युनिटमध्ये त्याचा पुन्हा द्रव होतो आणि घेतलेली उष्णता तिथे सोडून तो परत आत येतो. यंत्र धड असेल तर कारखान्यात भरलेला गॅस ते भंगारात जाईपर्यंत पुरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, दुसरं कारण नाही.

तरीही दर एप्रिलमध्ये घराघरांत एकच संवाद ऐकू येतो. “मॅडम, गॅस कमी झालाय, टॉपअप मारावा लागेल.” मॅडम मान डोलावतात, पैसे देतात आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा त्याच मुलाला फोन करतात. पंक्चर न काढता नुसती हवा भरून पाठवणाऱ्या सायकलवाल्याकडे आपण दुसऱ्यांदा जाणार नाही. इथे मात्र वर्षानुवर्षं जातो, कारण बंद नळ्यांच्या आत काय चालतं ते आपल्याला ठाऊक नसतं. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की पुष्कळदा ते त्या मुलालाही ठाऊक नसतं.

मला त्या मुलाला झोडपायचं नाही. त्याला काम येत नाही, कारण ते कुणी रीतसर शिकवलेलंच नाही. कुठल्या तरी उस्तादाच्या हाताखाली दोन उन्हाळे पाने-पकडी उचलल्या, तिसऱ्या उन्हाळ्यात स्वतःची पिशवी खांद्याला लावली, एवढंच त्याचं शिक्षण. एसी विकणाऱ्या कंपन्यांना माल खपवायची घाई, सरकारला आकडे दाखवायची घाई आणि आपल्याला उद्याच्या उद्या थंड खोली हवी. या तीन घायांमध्ये त्या मुलाचं शिक्षण कुणालाच आठवलं नाही. त्याची किंमत आपण विजेच्या बिलात मोजतो, वातावरण मोजतं आणि अधूनमधून एखादा तरुण जिवाने मोजतो.

साधा स्प्लिट एसी नीट बसवायचा तर काय करावं लागतं? आधी तांब्याची नळी कापून तिची कड साफ करायची, तिचं टोक कर्ण्यासारखं पसरवायचं, म्हणजे फ्लेअर करायचं, आणि नट ठरलेल्या ताकदीनेच आवळायचा. त्यासाठी टॉर्क पाना असतो. अंदाजाने जास्त आवळला तर फ्लेअरला चीर जाते, कमी आवळला तर गळतं. जोड ब्रेझिंगचा, म्हणजे ज्योतीवर धातू वितळवून केलेला असेल तर ब्रेझिंग चालू असताना नळीतून नायट्रोजनचा मंद प्रवाह सोडायचा, नाहीतर आतल्या बाजूने तांब्याची काळी पापडी धरते आणि महिन्याभराने तीच जाऊन बारीक नळीत अडकते. मग नायट्रोजनचा दाब देऊन गळती तपासायची, साबणाचं पाणी लावून प्रत्येक जोड पाहायचा. त्यानंतर व्हॅक्यूम पंप लावायचा.

या शेवटच्या पायरीवर सगळं अडतं. नळीतली हवा आणि ओल दोन्ही बाहेर काढल्याशिवाय गॅस सोडायचा नसतो. ओल राहिली तर ती कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळून आम्ल तयार करते आणि ते आम्ल मोटरचं वाइंडिंग खातं. हवा राहिली तर दाब वाढतो, वीज जास्त लागते, थंडावा कमी मिळतो. म्हणून पंप नुसता घरघरला म्हणजे झालं असं नसतं. व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत उतरला का आणि पंप बंद केल्यावर तो तिथेच टिकला का, हे गेजवर पाहावं लागतं. या कामाला वेळ लागतो. दिवसाला सहा घरं उरकायची असतील तर तो वेळ मिळत नाही. मग काय करतात? व्हॉल्व्ह जरा उघडून एसीतल्याच गॅसच्या फुसकाऱ्याने नळीतली हवा बाहेर ढकलतात. पाच सेकंदांत काम होतं. गॅस वाया जातो, ओल आतच राहते आणि तीन वर्षांनी कॉम्प्रेसर गेला की आपण कंपनीला नावं ठेवतो.

गॅस भरायचा तोही वजनाने, डिजिटल काट्यावर. यंत्राच्या पाटीवर ग्रॅममध्ये आकडा लिहिलेला असतो. आजचे बहुतेक एसी इन्व्हर्टरचे आहेत. त्यांचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग बदलतो आणि वेग बदलला की दाबही बदलतो. त्यामुळे नुसत्या गेजची सुई पाहून ‘हां, बरोबर आलं’ म्हणणं इथे चालत नाही. नळीला हात लावून गारवा जोखणं तर त्याहून चालत नाही. दुकानातून पाच तारे मोजून आणलेला एसी प्रयोगशाळेत बरोबर वजनाच्या गॅसवर तपासलेला असतो. शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे झाले, व्हॅक्यूम करायचा राहिला, बाहेरच्या युनिटला श्वास घ्यायला जागा ठेवली नाही, की ते तारे भिंतीवर स्टिकरपुरते उरतात.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमाने १ जानेवारी २०२० पासून नवीन एसी सुरू करताच २४ अंशांवर चालू होतो. चांगलाच नियम आहे. पण यंत्राने किती अंशांवर जागं व्हावं हे ज्या देशाने ठरवलं, त्याने ते यंत्र उघडणाऱ्या माणसाला काय यायला हवं हे अजून ठरवलेलं नाही.

महाराष्ट्रात घराचं वायरिंग करायला सरकारी परवाना असलेला माणूस लागतो. नळजोडणीला महापालिकेचा परवानाधारक प्लंबर लागतो. दाबाखालचा गॅस, २३० व्होल्टची वीज, ब्रेझिंगची ज्योत आणि सातव्या मजल्याची उंची हे सगळं एकाच वेळी हाताळणाऱ्या एसी मेकॅनिकला कसल्याही परवान्याची गरज नाही. तो बाजारात जाऊन गॅसचा सिलिंडर उचलू शकतो आणि कुणीही त्याला काही विचारत नाही.

हे जगात सगळीकडे असंच चालतं असं समजू नका. अमेरिकेत १ जुलै १९९२ पासून एसी-फ्रीजमधला ओझोनला घातक गॅस मुद्दाम हवेत सोडणं बेकायदा आहे आणि नोव्हेंबर १९९४ पासून परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवल्याशिवाय तिथल्या तंत्रज्ञाला गॅसचं काम करता येत नाही. गॅस विकत घ्यायलाही प्रमाणपत्र दाखवावं लागतं. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांमध्ये हीटिंग, व्हेंटिलेशन, एअर कंडिशनिंग आणि रेफ्रिजरेशन हा एक-दोन वर्षांचा रीतसर अभ्यासक्रम आहे. युरोपातही प्रमाणपत्राशिवाय या गॅसना हात लावता येत नाही. आपल्या रत्नागिरी-रायगडमधून आखातात जाणाऱ्या मेकॅनिकला निघण्याआधी बहुतेकदा ट्रेड टेस्ट द्यावी लागते. दुबईतल्या माणसाची खोली थंड करायला परीक्षा आहे. दादरच्या माणसासाठी ती नाही.

आता हे गॅस काय चीज आहेत ते पाहा. जुना आर-२२ ओझोनच्या थराला भोकं पाडतो म्हणून माँट्रियल कराराखाली तो हद्दपार होतो आहे. त्याच्या जागी आलेला आर-४१०ए ओझोनला त्रास देत नाही, पण त्याचा एक किलो हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ करतो. सध्या बाजारात असलेल्या आर-३२चा हाच आकडा ६७५ किलोच्या आसपास आहे. प्रोपेनचा, म्हणजे आर-२९०चा आकडा नगण्य आहे. गोदरेजने प्रोपेनवर चालणारे एसी २०१२च्या सुमाराला भारतात आणले. घरातल्या नव्या फ्रीजमध्ये तर आयसोब्युटेन, आर-६००ए, सर्रास असतो.

म्हणजे पृथ्वीच्या दृष्टीने आपण योग्य दिशेला चाललो आहोत. पण या वाटेवरचे नवे गॅस जुन्यांपेक्षा जास्त पेट घेणारे आहेत. आर-२२ पेटत नव्हता. आर-३२ काही प्रमाणात पेटतो. प्रोपेन आणि आयसोब्युटेन तर आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचेच भाऊबंद. आर-२२वर हात बसलेल्या उस्तादाच्या सवयी या गॅसवर चालवल्या तर काय होईल? फुसकारा मारून हवा काढायची सवय, गॅस आत असतानाच ब्रेझिंगची टॉर्च लावायची सवय, बंद स्वयंपाकघरात फ्रीजची नळी कापायची सवय. आर-२२च्या काळात या सवयी आळशीपणाच्या होत्या, आता त्या जिवावर बेतणाऱ्या आहेत.

एसीचा स्फोट झाल्याची बातमी आपण वाचतो आणि यंत्रात दोष असेल म्हणून पान उलटतो. कधी दोष असतोही. पण दोन कारणं कामाच्या पद्धतीतली आहेत आणि ती टाळता येतात. एक, गळती तपासायला नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनचा सिलिंडर लावणं. वेल्डिंगवाल्याकडे ऑक्सिजन सहज मिळतो, नायट्रोजनसाठी फेरी मारावी लागते. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की ठिणगीचीही वाट पाहावी लागत नाही. दुसरं, एसी उतरवताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतात त्या वेळची चूक. त्या वेळी जोड सैल असेल तर कॉम्प्रेसर हवा आत ओढतो, हवा आणि तेलाची वाफ दाबली जाते, तापते आणि डिझेल इंजिनात होतं तेच तिथे होतं. फरक एवढाच, की कॉम्प्रेसरचं कवच त्यासाठी बनवलेलं नसतं. या दोन्ही गोष्टी अर्ध्या तासाच्या तासिकेत शिकवता येतात. त्या शिकवल्या गेल्या नाहीत म्हणून कुणाचा हात जावा, कुणाचे डोळे जावेत, याचा मला संताप येतो.

आयटीआयमध्ये हा ट्रेड आहे. रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन, दोन वर्षांचा, दहावी पास मुलामुलींसाठी. अभ्यासक्रम कागदावर वाईट नाही. त्यात ब्रेझिंग आहे, व्हॅक्यूम आहे, गॅस परत गोळा करणं आहे, फ्रीज, वॉटर कूलर, कोल्ड रूम, सेंट्रल प्लांट आहे. मन लावून शिकवणारे शिल्प निदेशक आहेत, स्वतःच्या खिशातून पीसीबी आणून मुलांपुढे उघडणारेही आहेत. पण अशा ट्रेडला दरवर्षी लागतं ते साहित्य: तांब्याची नळी, ब्रेझिंगच्या कांड्या, गॅस, नायट्रोजन. हे सगळं वापरून संपवायचं असतं, कारण शंभर जोड बिघडवल्याशिवाय एकशे एकावा सुधारत नाही. सरकारी खरेदीत यंत्र घेणं सोपं असतं, कारण त्याचा फोटो निघतो. संपणाऱ्या साहित्याचा फोटो निघत नाही. म्हणून कार्यशाळेत यंत्र झाकून ठेवलेलं आणि तांब्याची नळी वाटीवाटीने वाटलेली, असं चित्र दिसतं. वीस मुलांच्या बॅचमध्ये जोड निदेशक करतो आणि मुलं बघतात. बघून पोहता येत नाही हे आपल्याला कळतं, मग जोड बघून कसा येईल?

आयटीआय झाल्यावर शिकाऊ उमेदवारी. १९६१चा कायदा आहे आणि कल्पना चांगली आहे: वर्षभर कारखान्यात किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये काम करत शिकायचं. २०१९ साली नियम बदलले तेव्हा आयटीआयच्या प्रमाणपत्रधारकाचं किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरलं. बीडच्या किंवा गोंदियाच्या मुलाने पुण्यात खाट भाड्याने घेऊन, दोन वेळचं जेवून, त्या पैशांत वर्ष कसं काढायचं? तो काढत नाही. तो ॲपवरून काम देणाऱ्या कंपनीकडे जातो, पाण्याचा पंप आणि टी-शर्ट घेतो आणि दिवसाला सहा एसी धुतो. जे दोन वर्षं शिकला त्यातलं नव्वद टक्के त्याला इथे लागत नाही, म्हणून तो ते विसरतो. शिकलेला आणि न शिकलेला यांच्या हातात सारखीच रक्कम पडते. मग धाकट्या भावाला तो आयटीआयला कशाला पाठवेल?

इंजिनिअरिंगच्या पोरांबद्दलही बोलायला हवं. मेकॅनिकलच्या डिप्लोमात आणि डिग्रीत रेफ्रिजरेशन हा फार तर एखाद्या सत्राचा विषय. फळ्यावर आलेख काढायचा, सीओपी म्हणजे कार्यक्षमतेचा आकडा काढायचा, गणित सुटलं की पास. प्रयोगशाळेत टेस्ट रिग असते, ती बंद असते, आणि प्रयोगाची रीडिंग मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवली जातात. हा मुलगा पुढे सल्लागाराच्या ऑफिसात जातो आणि कुणाच्या तरी हॉस्पिटलचं, मॉलचं वातानुकूलन आखतो. डक्ट आपल्या हाताने त्याने कधी जोडलेला नसतो. आखणारा आणि बसवणारा एकमेकांची भाषा बोलत नाहीत. एकाला गणित येतं पण पाना कसा धरायचा ते माहीत नाही, दुसऱ्याला पाना येतो पण कारण कुणी सांगितलेलं नाही. दोघांना एका वर्गात, एका यंत्रासमोर निदान एक महिना बसवा. खर्च काही नाही, फक्त पॉलिटेक्निकच्या आणि आयटीआयच्या प्राचार्यांनी एकमेकांना फोन करायचा आहे. कित्येक गावांत त्यांची कुंपणंही एकमेकांना लागून आहेत.

केंद्र सरकारने मार्च २०१९मध्ये ‘इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन’ जाहीर केला. त्यात प्रामाणिक कबुली आहे: २०१७-१८च्या तुलनेत २०३७-३८पर्यंत देशाची थंडाव्याची मागणी सुमारे आठपट होईल. तेव्हा देशातल्या जेमतेम आठ टक्के घरांत एसी होता, म्हणजे खरी लाट यायचीच आहे. त्याच आराखड्यात २०२२-२३पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं ठरलं. हेतू योग्य होता. पण प्रमाणपत्र नसेल तर काम करता येणार नाही असा नियम केला नाही, मग प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापलीकडे त्या माणसाला काय मिळालं? ज्याने दिवसाची मजुरी बुडवून ते घेतलं, त्याला दुसऱ्या दिवशी एक रुपयाही जास्त मिळाला नाही.

आपल्याला नीट शिकवता येतच नाही असं मात्र मी मानत नाही, कारण पुण्यातच त्याचा पुरावा आहे. आरोग्य खात्याचं राष्ट्रीय शीतसाखळी प्रशिक्षण केंद्र पुण्यात आहे. सरकारी दवाखान्यांतले लसींचे फ्रीज दुरुस्त करणारे तंत्रज्ञ देशभरातून तिथे शिकायला येतात. हे फ्रीज साधे नसतात. आइस-लाइंड रेफ्रिजरेटर म्हणजे आतून बर्फाचं अस्तर असलेलं यंत्र. दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी ते लस २ ते ८ अंशांत राखतं. इथे मेकॅनिकला फक्त थंड करता येऊन भागत नाही. हिपॅटायटिस बी किंवा पेंटाव्हॅलंट लस गोठली तर ती वाया जाते आणि बाटली वरून अगदी चांगली दिसते. थर्मोस्टॅट चुकीचा बसवणारा माणूस एखाद्या तालुक्यातल्या बाळांना निकामी लस टोचायला लावू शकतो. हे त्या तंत्रज्ञाला शिकवलं जातं, कारणासकट. तो रजिस्टरमध्ये दिवसातून दोनदा तापमान का लिहायचं ते जाणतो. गडचिरोलीच्या आरोग्य केंद्रातला फ्रीज चालू राहतो तो अशा माणसांमुळे. जे लसीसाठी जमलं ते इतर ठिकाणी का जमू नये?

कारण थंडावा म्हणजे फक्त बेडरूमचा एसी नव्हे. नाशिकचं द्राक्ष तोडल्यावर काही तासांत प्रीकूलिंगला गेलं नाही तर युरोपातल्या दुकानात पोचेपर्यंत त्याचा देठ वाळतो. जळगावच्या केळ्याला उलट जास्त गारवा सोसत नाही, १३ अंशांच्या खाली गेलं की साल काळवंडते आणि माल परत येतो. ससून डॉकची आणि मिरकरवाड्याची मासळी बर्फावर जगते, आणि मोठ्या शीतगृहांत, बर्फाच्या कारखान्यांत अमोनिया वापरतात. तो गळला तर फुप्फुसं जाळतो. शेतकऱ्याचं वर्षभराचं पीक ज्या प्लांटमध्ये ठेवलंय, तो रात्री दोन वाजता बंद पडला तर येणारा माणूस कोण आहे, काय शिकलेला आहे? शीतगृहाला अनुदान मिळतं. त्या शीतगृहाच्या ऑपरेटरच्या प्रशिक्षणाची अट त्याच अनुदानाला जोडा. इमारतीवर एवढा खर्च होतो, त्यातला थोडा माणसावर होऊ द्या.

आणि हवा. या शाखेच्या नावात गरम करणं, गार करणं यांच्यामध्ये व्हेंटिलेशन आहे, आणि आपण सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याकडेच केलं आहे. स्प्लिट एसी बाहेरून एक घोटही ताजी हवा आणत नाही. खोलीतलीच हवा गार करून फिरवत राहतो. लातूर, नांदेड, पुण्यातल्या क्लासच्या खोल्या डोळ्यांसमोर आणा: साठ-सत्तर मुलं, काचा बंद, तीन एसी. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सव्वाचारशे भाग असतो. अशा खोलीत तो हजारावर जायला फार वेळ लागत नाही. मुलं पेंगतात, डोकं धरतं, एकाला सर्दी झाली की आठवड्यात बाक रिकामा होतो. खापर दुपारच्या जेवणावर आणि मोबाइलवर फुटतं. खोलीत एक एक्झॉस्ट पंखा आणि ताज्या हवेची एक जाळी बसवा हे सांगू शकेल असा माणूस त्या खोलीत तीनदा येऊन गेलेला असतो, एसी बसवायला. त्याला ते कुणी शिकवलेलं नसतं. कोविडमध्ये आपण ‘खेळती हवा ठेवा’ असं दोन वर्षं ऐकलं आणि मग काचा पुन्हा लावून घेतल्या.

२३ एप्रिल २०२१च्या पहाटे विरारमधल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. तेरा रुग्ण त्या पहाटे गेले. एसीत स्फोट झाला असावा, असं प्रशासनाने तेव्हा सांगितलं. अतिदक्षता विभागातला एसी महिनोन्‌महिने चोवीस तास चालतो, आसपास ऑक्सिजन असतो. राज्यातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीत नळ, सिलिंडर, जिने तपासतात. एसीची देखभाल कोणी केली, त्याची पात्रता काय, हा रकानाही त्या अर्जात हवा.

सोसायट्यांनाही मला एक सांगायचं आहे. गेटवर मेकॅनिकचं नाव, फोन, फ्लॅट नंबर, आत आल्याची वेळ सगळं लिहून घेता, फोटो काढता. कमरेला सेफ्टी बेल्ट आहे का, हे तुमचा वॉचमन का विचारत नाही? सातव्या मजल्यावर खिडकीबाहेरच्या छज्ज्यावर एक पाय टेकून, एका हाताने ग्रिल धरून तो तीस-चाळीस किलोचं युनिट उचलतो. बिल्डरने बाहेरच्या युनिटपर्यंत पोचायची जागाच ठेवलेली नसते, नकाशा मंजूर करणाऱ्यानेही ती मागितलेली नसते. दोन बेल्ट आणि एक दोर सोसायटीच्या ऑफिसात ठेवा. एका वार्षिक सभेच्या चहा-नाश्त्यात तेवढे पैसे निघतील. बेल्ट नसेल तर काम नाही, हा ठराव करा. आणि ‘चारशेत सर्व्हिस’ची जाहिरात पाहून फोन करण्याआधी विचार करा, त्या चारशेत त्याचा वेळ किती मिनिटांचा उरतो.

माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीनुसार भारताने या तापमान वाढवणाऱ्या गॅसचा वापर २०२८मध्ये ठरलेल्या पातळीवर गोठवायचा आहे, २०३२पासून तो उतरवायला लागायचं आहे आणि २०४७पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करायचा आहे. सप्टेंबर २०२१मध्ये आपण तिला औपचारिक मान्यता दिली आहे. ही कपात दिल्लीतल्या फाइलवर होणार नाही. ती कुणीतरी छतावर उन्हात बसून, हवेत सोडायचा गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये परत ओढून करायची आहे. राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाने या ट्रेडच्या प्रत्येक आयटीआयला रिकव्हरी मशीन, मायक्रॉन गेज, वजनकाटा आणि वर्षाला पुरेल एवढी तांब्याची नळी द्यावी. अंतिम परीक्षेत प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताने एक एसी उतरवून, गॅस गोळा करून, पुन्हा बसवून दाखवावा. आणि त्या प्रमाणपत्राशिवाय गॅसचा सिलिंडर विकता येणार नाही असा नियम मुंबईतून दिल्लीकडे मागावा. या हंगामात आयटीआयचा प्रवेश अर्ज भरणारा मुलगा बाहेर पडेल तेव्हा २०२८ एकतर दारात असेल, नाहीतर येऊन गेलेलं असेल.